क्लच आणि गिअरबॉक्स : दोष ओळखण्याच्या विद्येचा इतिहास

प्रास्ताविक

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेला मार्ग आहे. अशा मार्गांवर काही दिवस शर्यत नसते. गाडीचे मालक शुल्क भरून आपली स्वतःची गाडी तिथे आणतात आणि समोरून वाहन येण्याची भीती नसलेल्या रस्त्यावर ती वेगाने चालवून पाहतात. याला 'ट्रॅक डे' म्हणतात. समजा, अशा एका दिवशी तुम्ही गाडी चालवत आहात. पाचव्या फेरीत वळणातून बाहेर पडताना तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता. इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या प्रमाणात वेग घेत नाही. काहीतरी जळल्याचा वास येतो. शेजारी बसलेला मित्र म्हणतो, "क्लच गेला." तुम्ही नवी क्लच प्लेट बसवून घेता. महिन्याभराने पुन्हा तोच आवाज आणि तोच वास.

मित्राने लक्षण बरोबर ओळखले होते, कारण मात्र ओळखले नव्हते. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून तेल झिरपत होते, आणि जुन्या प्लेटप्रमाणे नवी प्लेटही त्या तेलाने भिजली. पैसे प्लेटवर खर्च झाले, दोष सीलमध्ये राहिला.

लक्षणाकडून कारणाकडे जाण्याची ही विद्या कशी घडली, ते आपण या पाठात पाहणार आहोत. तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : अमुक साली अमुक यंत्र आले, मग त्याहून चांगले आले. त्याच इतिहासाची एक दुसरी बाजू आहे. क्लच आणि गिअरबॉक्समधल्या प्रत्येक मोठ्या सुधारणेने चालकाचा एक त्रास कमी केला, आणि त्याबरोबर दोष ओळखण्याची एखादी जुनी खूणही पुसली किंवा बदलली. त्यामुळे प्रत्येक पिढीतल्या मिस्त्रीला गाडीची भाषा थोडी नव्याने शिकावी लागली. हा मुद्दा मनात ठेवून पुढचे विवेचन वाचा.

दोन यंत्रे, दोन कामे

आधी थोडी उजळणी करू. पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन शून्य वेगापासून ओढ देऊ शकत नाही, ते आधीच फिरत असावे लागते. गाडी मात्र उभ्या स्थितीतून निघते. फिरते इंजिन आणि थांबलेली चाके यांना हळूहळू जोडण्याचे काम क्लच करतो, आणि ते तो घर्षणाच्या बळावर करतो. गिअरबॉक्सचे काम वेगळे आहे. इंजिनाचे फेरे आणि चाकांचे फेरे यांचे प्रमाण तो दातेरी चाकांच्या साहाय्याने बदलतो.

यातून दोषांचे दोन मुख्य प्रकार निघतात. क्लच पूर्ण जोडला जात नसेल तर तो घसरतो. क्लच पूर्ण सुटत नसेल तर पेडल दाबूनही इंजिनाचे फेरे गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत राहतात आणि गिअर टाकताना खरखर होते. म्हणजे दुसऱ्या प्रकारात दोष क्लचमध्ये असतो आणि आवाज गिअरबॉक्समधून येतो. अनुभवी माणसेही इथे फसतात.

कानाचा काळ

१८९१ साली पॅरिसच्या पानार ए लेव्हासोर या कंपनीने मोटारीची जी मांडणी स्वीकारली, ती पुढे अनेक दशके टिकली : पुढे इंजिन, त्यामागे क्लच, त्यामागे सरकत्या दातेरी चाकांची पेटी. एमिल लेव्हासोर याने जून १८९५ मध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत असे सुमारे १,१८० किलोमीटर अंतर सुमारे ४९ तासांत, जवळजवळ एकट्याने गाडी चालवून कापले. त्याच्या पेटीत गिअर बदलायचा म्हणजे एक फिरते दातेरी चाक सरकवून दुसऱ्या फिरत्या चाकात घुसवायचे. आपली ही पद्धत रांगडी आहे पण चालते, असे लेव्हासोर स्वतःच म्हणत असे, असे सांगतात.

दोन्ही चाकांच्या दात्यांचा वेग जुळला नाही तर दाते एकमेकांवर आपटत. वेग जुळवण्याची जबाबदारी चालकाची होती. एक सोपे उदाहरण घ्या. दुसऱ्या गिअरचे प्रमाण २ आणि तिसऱ्याचे १.५ आहे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल, तर गाडीच्या त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये त्याने ९०० फेरे घ्यायला हवेत. वरच्या गिअरमध्ये जाताना इंजिनाचे फेरे उतरू द्यायचे आणि खालच्या गिअरमध्ये येताना ते चढवायचे. यासाठी क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणणे, क्लच सोडणे, फेरे जुळवणे, पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकणे अशी रीत पडली. तिला 'डबल क्लच' म्हणतात. आपल्याकडच्या ट्रकचालकांनीही ती दीर्घकाळ वापरली.

या काळात दोषाचे निदान मुख्यतः कानाने होई. खरखर ऐकू आली की पहिला संशय चालकावर, दुसरा यंत्रावर. तोच गिअर अनुभवी माणसाच्या हातून नीट पडला तर यंत्र निर्दोष. त्याच्याही हातून वाजला तर क्लच पूर्ण सुटत नाही किंवा दाते झिजले आहेत असे समजायचे. ही चाचणी साधी होती, पण तिच्यामागचा विचार पक्का होता. चालक बदला, बाकी सारे तसेच ठेवा आणि फरक पाहा. प्रयोगशाळेत आपण आजही हेच करतो.

एरंडेल आणि मुलतानी माती

त्या काळचा क्लच बहुधा शंकूच्या आकाराचा असे. फ्लायव्हीलच्या आतल्या उतरत्या पोकळीत चामड्याने मढवलेला शंकू स्प्रिंगच्या दाबाने बसे. चामडे कोरडे पडून कडक झाले की गाडी झटका देऊन निघे. त्यावर तेल आले की क्लच घसरे. यावरचे उपाय भारतीय वाचकाला घरचे वाटतील. झटका बसत असेल तर चामड्याला एरंडेल तेलासारखे तेल चोळायचे. घसरत असेल तर मुलतानी माती टाकायची, म्हणजे ती जास्तीचे तेल शोषून घेते.

हे उपाय लागू पडत आणि म्हणूनच ते फसवे होते. मुलतानी माती चामड्यावरचे तेल शोषते, पण ते तेल कुठून आले हे सांगत नाही. गळती चालू असेल तर काही दिवसांनी पुन्हा माती टाकावी लागे. लक्षण शमवणे आणि कारण दूर करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा मोटारीच्या पहिल्या वीस वर्षांतच मिळाला होता. पाठाच्या सुरुवातीच्या गोष्टीत तुम्ही बसवलेली नवी प्लेट ही त्या मातीचीच महागडी आवृत्ती होती.

चामड्याच्या शंकूला पर्यायही शोधले जात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी तेलात बुडालेल्या अनेक पातळ चकत्यांचा क्लच तयार केला, तर फ्रान्समध्ये द दियाँ-बुताँ या कंपनीने एका चकतीचा क्लच वापरात आणला. पुढे एका कोरड्या चकतीचीच रचना सर्वसामान्य झाली. तिला उष्णता सोसणारे अस्तर हवे होते.

अस्तराची किंमत

हर्बर्ट फ्रूड याने १८९७ मध्ये इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात जो उद्योग सुरू केला, तो पुढे 'फेरोडो' या नावाने जगभर ओळखला गेला. सुरुवातीला त्याने घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी कापडी अस्तरे केली. मोटारींचा वेग वाढला तसे कापूस आणि केस जळू लागले आणि १९०८ च्या सुमारास ॲस्बेस्टॉसचा वापर सुरू झाला. ॲस्बेस्टॉस जळत नाही, विणता येतो आणि स्वस्त पडतो. ब्रेक आणि क्लच या दोन्हींसाठी ते अनेक दशके नेहमीचे अस्तर ठरले.

झिजलेल्या अस्तराची धूळ क्लचच्या घुमटाकार आवरणात साठते. ते आवरण उघडल्यावर मिस्त्री काय करी? प्लेट नीट दिसावी म्हणून धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवून देई. दोष पाहण्यासाठी केलेली ही कृती त्याच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉस नेत होती.

धोका अगदीच अज्ञात नव्हता. ब्रिटनमध्ये १९२४ साली एका गिरणी कामगार स्त्रीच्या मृत्यूचा संबंध ॲस्बेस्टॉसशी वैद्यकीय नियतकालिकात जोडला गेला. १९३० मध्ये मेरवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला आणि १९३१ मध्ये नियम झाले. पण ते नियम कारखान्यातल्या ठरावीक प्रक्रियांपुरते होते. गॅरेजमध्ये एकटा किंवा दोघांच्या सोबतीने काम करणारा मिस्त्री त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. ब्रिटनने ॲस्बेस्टॉसच्या शेवटच्या प्रकारावर १९९९ मध्ये बंदी घातली. भारतात मात्र त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही.

निदानाचे ज्ञान कुणाच्या तरी शरीरावर घडत असते, आणि त्या शरीराची नोंद शोधांच्या यादीत सापडत नाही. म्हणून एक सूचना आताच लिहून ठेवा : जुन्या गाडीचा क्लच उघडताना धूळ कधीही फुंकू नये आणि हवेच्या दाबानेही उडवू नये. ती ओली करून पुसून घ्यावी आणि योग्य मुखपट्टी वापरावी.

सिंक्रोमेश : त्रास गेला, खूणही गेली

१९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांत अर्ल थॉम्पसन याने विकसित केलेली सिंक्रोमेश रचना आली. हिच्यात गिअर पक्का होण्याआधी एक लहान शंकू दुसऱ्या शंकूवर घासतो आणि घर्षणाने दोन्ही भागांचे वेग जुळतात. मग दात्यांची पकड बसते. चालक जे काम कानाने आणि पायाने करत होता ते आता पितळी कडीकडे गेले. सुरुवातीला ही सोय फक्त वरच्या गिअरना होती. पुढे ती खाली सरकत आली, आणि १९५२ मध्ये पोर्श ३५६ या गाडीत सर्व पुढचे गिअर सिंक्रोमेश झाले.

आता परिणाम पाहा. क्लच थोडा अपुरा सुटत असेल तर जुन्या पेटीत लगेच खरखर होई. सिंक्रोमेश पेटीत ती कडी जास्त घासून वेग जुळवते आणि गिअर गुपचूप पडतो. चालकाला वाटते, सारे ठीक आहे. आत मात्र कडी झिजत असते. ती पुरती झिजल्यावर खरखर सुरू होते आणि लोक म्हणतात, "गिअरबॉक्स खराब झाला." मूळ दोष क्लचचा होता, तो बराच आधी सुरू झाला होता, आणि दरम्यान कडीने तो झाकून ठेवला होता.

मग या झाकलेल्या दोषाचा माग कसा काढायचा? अनेक गाड्यांत मागे जाण्याचा, म्हणजे रिव्हर्स गिअर सिंक्रोमेशशिवाय ठेवला गेला, कारण तो गाडी थांबवूनच टाकायचा असतो. म्हणून मिस्त्री सांगतात : गाडी सपाट जागी उभी करा, हातब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबतो आणि गिअर शांतपणे पडतो. खरखर झाली तर क्लच अजून ओढतो आहे. १८९१ च्या रचनेतली खूण ज्या एका गिअरमध्ये शिल्लक राहिली, तिथे आपण ती शोधतो.

स्प्रिंग बदलली, लक्षण उलटले

जुन्या क्लचमध्ये प्लेट दाबून धरण्यासाठी गोलाकार मांडलेल्या अनेक गुंडाळीच्या स्प्रिंग असत. अस्तर झिजले की या स्प्रिंग थोड्या सैल पडत आणि दाब कमी होई, त्यामुळे क्लच हळूहळू घसरू लागे. फेरे फार वाढले की त्या बाहेरच्या बाजूला वाकत आणि दाब आणखी कमी होई. शर्यतीच्या गाड्यांना हे विशेष जाचे.

१९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सने थाळीच्या आकाराची एकच स्प्रिंग वापरात आणली. तिला डायफ्रॅम स्प्रिंग म्हणतात. युरोपात तिचा प्रसार १९६० च्या दशकात झाला. जर्मनीतील लुक ही कंपनी १९६५ मध्ये त्याच कामासाठी उभी राहिली. या स्प्रिंगचे वैशिष्ट्य असे की अस्तर झिजत जाते तसा तिचा दाब लगेच कमी होत नाही, आधी थोडा वाढतो. मात्र पेडल दाबायला जड होत जाते.

म्हणजे जुन्या गाडीत झीज घसरण्यातून कळे, नव्या गाडीत ती आधी पायाला कळते. पेडल जड होणे आणि क्लच खूप वर आल्यावर पकडणे या झिजेच्या सूचना आहेत. घसरणे सुरू होईपर्यंत थांबलात तर प्लेट बहुधा संपलेली असते. जुन्या गाड्यांवर शिकलेला कुशल मिस्त्री नव्या गाडीत चुकतो तो अज्ञानामुळे नव्हे. त्याला पाठ असलेली खूण आता दुसऱ्या जागी गेलेली असते.

भारतीय रस्ता आणि भारतीय धावपट्टी

भारतात हा सगळा इतिहास एकाच वेळी रस्त्यावर दिसत असे. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. दोन्हींत पहिला गिअर सिंक्रोमेशशिवाय होता आणि बराच काळ गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असे.

तो दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जोडदांड्यांची लांब साखळी होती. तिच्यातले बुश झिजले की गिअर अडके. मुंबईच्या टॅक्सीचालकाने बॉनेट उघडून हाताने दांडी सरकवावी आणि पुन्हा गाडी हाकावी, हे त्या पिढीच्या ओळखीचे दृश्य होते. गिअर अडकला म्हणून त्याने गिअरबॉक्स उतरवला नाही. आधी बाहेरची, स्वस्त आणि हाताला लागणारी गोष्ट पाहिली. दोषशोधाचा हा पहिला नियम त्याने पुस्तकातून घेतलेला नव्हता.

शर्यतींचे चित्र असेच होते. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ ची, आणि शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर अनेक दशके शर्यती होत. आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे मिळेल ती देशी गाडी हाती घेऊन तिच्यात फेरफार करावे लागत. वाढवलेल्या शक्तीचा भार मूळच्या क्लचवर आणि मूळच्या गिअरबॉक्सवर पडे. कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० च्या ७९६ घनसेंटिमीटर इंजिनावर 'फॉर्म्युला मारुती' ही एकआसनी गाडी तयार केली. त्यामुळे शर्यतीचे शिक्षण बरेच स्वस्त झाले. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इरुंगाट्टुकोट्टईचा मार्ग १९९० पासून आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग २०११ पासून वापरात आहे. आजचे ट्रॅक डे या परंपरेच्या शेवटी येतात.

शर्यतीतले दोन धडे

८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटण्याच्या क्षणी फुटला. त्या प्रकारच्या गाडीत चालक इंजिनाच्या मागे बसे आणि फिरते भाग त्याच्या पायांजवळ असत. गार्लिट्स यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. पुढच्या वर्षी त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी शर्यतीत उतरवली आणि ती रचना त्या खेळात रूढ झाली. फिरत्या क्लचमध्ये आणि गिअरमध्ये केवढी ऊर्जा साठलेली असते, हे या घटनेतून कळते. म्हणून संशयास्पद आवाज आल्यावर 'अजून एक फेरी मारून पाहू' ही चाचणी नव्हे. गाडी आत घ्यावी.

दुसरा धडा १९८९ चा. जॉन बर्नार्ड यांनी रचलेल्या फेरारी ६४० या फॉर्म्युला वन गाडीत स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलण्याची सोय प्रथमच शर्यतीत आली. नायजेल मॅन्सेल यांनी ब्राझीलमधली पहिलीच शर्यत जिंकली, पण त्यानंतर गाडी वारंवार बंद पडू लागली आणि दोष नव्या गिअरबॉक्सला लागला. पुढे कळले ते असे की मोठी अडचण दात्यांत नव्हती. गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला पुरेशी वीज मिळत नव्हती. टॅक्सीचालकाच्या झिजलेल्या बुशसारखेच हे प्रकरण होते. बिघाड गिअरबॉक्सच्या नावावर नोंदला गेला, कारण मात्र त्याच्या बाहेर होते.

आजच्या ट्रॅकवर : तपासाचा क्रम

आता आपण या इतिहासातून एक क्रम बांधू. ट्रॅकवर गाडी दीर्घकाळ तापते, वळणात तिच्यावर बाजूचा मोठा भार येतो आणि गिअर घाईने बदलले जातात. त्यामुळे रस्त्यावर न दिसणारे दोष तिथे दिसतात आणि गाडी थंड झाल्यावर लपतात. म्हणून तपासाची सुरुवात नोंदीपासून करा.

१. साक्ष लिहून घ्या. दोष कितव्या फेरीत आला? कोणत्या गिअरमध्ये? डाव्या वळणात की उजव्या? वेग घेताना की वेग सोडताना? थंड झाल्यावर गेला का? चालकाने त्याच दिवशी लिहिलेले चार शब्द दुसऱ्या दिवशीच्या आठवणीपेक्षा अधिक विश्वासार्ह असतात.

२. बाहेरून पाहा. क्लच हायड्रॉलिक असेल तर द्रवाची पातळी, रंग आणि गळती पाहा. केबलचा असेल तर ती ताणली आहे का आणि पेडलला ठरलेली मोकळीक आहे का, हे तपासा. मोकळीक उरली नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि धडधाकट प्लेटही घसरते. ब्रेकचा द्रव हवेतला ओलावा शोषतो आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. क्लचसाठीही बहुधा तोच द्रव असतो. तो तापून त्यात वाफ झाली की पेडल मऊ पडते, क्लच सुटत नाही आणि गिअर पडत नाही. थंड झाल्यावर सारे पूर्ववत होते, म्हणून गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही.

३. घसरण तपासा. मोकळ्या, सुरक्षित जागी वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगावर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेरे चढले आणि वेग चढला नाही तर क्लच घसरतो आहे. ही चाचणी एकदाच करावी, कारण प्रत्येक वेळी प्लेट आणखी जळते.

४. सुटणे तपासा. वर सांगितलेली रिव्हर्सची चाचणी इथे करा.

५. आवाज वेगळे करा. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल दाबल्यावर आवाज थांबत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर, कारण क्लच सुटल्यावर तो शाफ्ट थांबतो.

६. एक की सर्व? खरखर एकाच गिअरमध्ये असेल तर त्या गिअरची सिंक्रो कडी तपासायला हवी. सर्व गिअरमध्ये असेल तर आधी क्लच आणि ऑइल पाहा. गिअर आपोआप निसटत असेल तर पकडीचे दाते किंवा गिअर सरकवणारा काटा झिजलेला असू शकतो. पण त्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरी आधारांवर बसतात ते पाहा. ते फाटले असतील तर जोरदार वळणात सगळा संच हलतो आणि दांड्याची जागा चुकते. एकाच बाजूच्या वळणात गिअर चुकत असेल तर हा संशय बळावतो.

७. ऑइल टाकून देण्याआधी वाचा. चुंबकी बूच असेल तर त्यावर पोलादाचा कीस चिकटतो. पितळाची बारीक सोनेरी चमक चुंबकाला चिकटत नाही आणि ती बहुधा सिंक्रो कड्यांकडे बोट दाखवते. पोलादाचे मोठे तुकडे दिसले तर दाते किंवा बेअरिंग तुटत आहेत, गाडी पुढे चालवू नये. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रकारचे आहे ना, हेही पाहा. चुकीच्या ऑइलवर कड्या नीट पकड घेत नाहीत.

८. मगच उघडा. उघडल्यावर प्लेटबरोबर दोन्ही बाजूंची सीलही तपासा आणि प्लेटवरचे तेल कोणत्या दिशेने आले ते पाहा.

हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे, बाहेरून आत आणि पुरावा न बिघडवणाऱ्या तपासापासून बिघडवणाऱ्या तपासाकडे जातो. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी अनेकदा प्लेटच्या किमतीइतकी किंवा तिच्याहून जास्त होते. म्हणून न उघडता जेवढे कळेल तेवढे आधी कळून घ्यायचे.

समारोप

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा क्रम ओळखीचा वाटेल. साक्षीदाराचे म्हणणे लिहून घ्यायचे, ते तसेच्या तसे खरे मानायचे नाही, भौतिक पुराव्याशी ताडून पाहायचे आणि पुरावा नष्ट करणारी कृती शेवटी करायची. झिजलेली पितळी कडी हाही एक दस्तऐवज आहे. तिच्यावर क्लचने केलेल्या जुन्या चुकांची नोंद असते.

आजच्या गाडीत संगणक दोषाचा संकेतांक दाखवतो. त्या संकेतांकाकडे नवी साक्ष म्हणून पाहा, निकाल म्हणून नव्हे. संगणकाला दिसते ते त्याच्या संवेदकापर्यंत पोहोचलेले लक्षण. त्यामागे सील आहे, बुश आहे की वीजपुरवठा, हे कुणाला तरी शोधावेच लागते. पुढच्या वेळी कुणी "क्लच गेला" म्हणाले, तर त्याला एवढेच विचारा : "कुठे गेला आणि कशामुळे?"

विचारासाठी प्रश्न

१. सिंक्रोमेशमुळे चालकाची कोणती कौशल्ये अनावश्यक झाली आणि निदान कसे अवघड झाले?
२. मुलतानी मातीचा उपाय 'यशस्वी' म्हणावा का? कोणत्या निकषावर?
३. १९३१ च्या नियमांच्या कक्षेतून गॅरेजमधले मिस्त्री बाहेर का राहिले असतील? तुमच्या गावातील एखाद्या मिस्त्रीशी बोलून क्लचच्या धुळीबाबत आज काय काळजी घेतली जाते ते लिहा.
४. तुमच्या परिसरातल्या एखाद्या जुन्या वाहनचालकाची मुलाखत घ्या. दोष ओळखण्याच्या कोणत्या खुणा त्यांना आठवतात आणि त्यांपैकी कोणत्या आजच्या गाड्यांत उरलेल्या नाहीत?